पांढऱ्या पाटीवरचे मंगळवारचे शिंतोडे

दचकू नका, मी पाटीच बोलतेय. खरं तर दचकायचं काम माझं. जवळ कुणी शिंकलं तरी मी दचकते. शेजारून कुणी नुसता हात हलवला तरी वाटतं, आता बोट लागणार. चौदा वर्षं मी अशीच काढली. त्यामुळे आज बोलायला बसलेय तरी आवाज थोडा कापतोय, तेवढं सांभाळून घ्या.

मी हातभर लांब आणि हातभर रुंद आहे. शाळेतली पाटी काळी असते आणि तिच्यावर लिहितात. मी पांढरी, आणि माझ्यावर कधीच काही उमटू द्यायचं नाही. तव्याला अन्न चिकटू नये म्हणून जो लेप देतात ना, त्याच कुळातली मी. पांढरी भुकटी साच्यात दाबली, भट्टीत भाजली, पाण्याखाली घासली, की माझ्यासारखी पाटी तयार होते. मग एका अंधाऱ्या खोलीत माझ्यावर दिव्याचा झोत टाकून मला मोजलं आणि एक दाखला माझ्यासोबत दिला. त्यावर लिहिलं होतं, हिच्यावर शंभर भाग उजेड पडला तर नव्याण्णव भाग परत येतो.

त्याच भुकटीची, त्याच दिवशी जन्मलेली माझी एक जुळी बहीण आहे. आम्ही दोघी एकाच खोक्यातून बोलिव्हियात आलो. ती ला पास शहरात, आमच्या मोजमापाच्या संस्थेच्या कपाटात काळ्या कापडात राहिली. मी मिठावर आले.

कोल्चानी गाव संपलं की पुढे मैलोनमैल मिठाचं मैदानच आहे. पावसाळ्यात त्यावर वीतभर पाणी उभं राहतं आणि वर-खाली दोन्हीकडे आभाळ होतं. जून-जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्याच्या, कडक थंडीत ते सुकून टणक होतं, तेव्हा माझं काम निघतं. गावाच्या टोकाला संस्थेची दोन खोल्यांची कोठी आहे, मिठाच्याच विटांची. तिथे माझी पेटी असते.

काम काय, ते सांगते. आभाळात फार उंचावर एक उपग्रह आहे. तो खाली बघत असतो आणि ढगांची चित्रं पाठवत असतो. चित्रं म्हणजे नुसते आकडे. काळ्याला लहान आकडा, पांढऱ्याला मोठा. पण उपग्रहाचाही डोळा म्हातारा होतो. दरवर्षी त्याला जग थोडं अंधारं दिसायला लागतं, आणि चष्मा घेऊन वर कोण जाणार? म्हणून खालून सांगावं लागतं, की तू आज सकाळी जे पाहिलंस ते इतकं पांढरं होतं, त्यावरून तुझं तू समजून घे. त्यासाठी मोठी, सपाट, मोकळी जागा लागते. ती म्हणजे आमचं मीठ. आणि मीठ किती पांढरं, हे ठरतं माझ्याशी ताडून.

पुढे हे आकडे समुद्रापार एका कार्यालयात जातात. तिथे सगळ्या जगाच्या ढगांची नोंद आहे, महिन्यामागून महिने, तीसेक वर्षांची. ढग वाढले की कमी झाले, जाड झाले की विरळ, हे त्या नोंदीवरून कळतं. त्यात आमच्या मिठाची एक ओळ आहे. एकच, पण आहे.

माझी माणसं दोन. एक विल्मा लूपा. शिकत असताना पहिल्यांदा आली तेव्हा थंडीने तिचे दात वाजत होते. पुढे तीच इथली इंजिनियर झाली. ती मला हातमोजे घातल्याशिवाय धरत नाही आणि माझ्यावर वाकली की श्वास रोखून धरते. मोजणीच्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घालते, कारण अंगावरच्या कपड्याचा रंगही माझ्यावर पडतो.

दुसरे ताता सातु; वडीलधाऱ्यांना आमच्याकडे ताता म्हणतात. नाव सातुर्निनो कोल्के. गाडी चालवायची, कोठी राखायची, मीठ कुठे पातळ आहे हे नुसतं बघून सांगायचं, अशी त्यांची कामं. मला ते 'नवरी' म्हणतात. "नवरी पांढऱ्यात आणि करवली काळ्यात," ते विल्माला म्हणायचे, "इंजिनियरबाई, असलं लग्न मी आमच्या गावात पाहिलं नाही." विल्मा हसायची, पण हसताना तोंड दुसरीकडे फिरवायची. माझ्यावर थुंकी उडू नये म्हणून.

ताता सातुंची बायको असुन्ता जेवण घेऊन यायची, पण तिला तीस पावलं लांब थांबावं लागायचं. तिचे घेरदार घागरे लालभडक, नाहीतर जांभळे. "चौदा वर्षं मी या पाटीला जेवण दाखवतेय," ती लांबूनच ओरडायची, "एकदा तरी बोलावलंय का तिने मला?"

खरं सांगू, मला बोलवायचं होतं. पण मी पडले पाटी.

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून निघालं. एका जुलैत मोजणीहून परतताना गाडीची पुढची चाकं मिठात खचली. वरून टणक दिसणारं मीठ खाली पोकळ होतं. खारं पाणी दारातून आत आलं. विल्माला ताता सातुंनी आधी बाहेर ढकललं, मग माझी पेटी घेतली आणि डोक्यावर धरून कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात उभे राहिले. मीठ वाहणारा ट्रॅक्टर यायला तासभर लागला. पेटीत मी गारठून बसले होते, पण पेटी त्यांनी एकदाही खाली येऊ दिली नाही. नंतर ते असुन्ताला म्हणाले, ती डोक्यावर होती म्हणून मी उभा राहिलो. ती नसती तर खाली बसलो असतो, आणि बसलो असतो तर संपलंच होतं.

मला वाटायचं, वाचवलं त्यांनी मला. त्यांचा हिशेब उलटा होता.

पुढच्या फेब्रुवारीत कार्निवाल आला, आमचा वर्षातला मोठा सण. विल्मा आईकडे ओरुरोला गेली होती. कार्निवालच्या मंगळवारी आमच्याकडे चाल्या करतात. ज्याने वर्षभर आपल्याला पोसलं, त्या घराला, गाडीला, हत्यारांना रंगीत कागदी फिती गुंडाळायच्या, कागदाच्या टिकल्या उधळायच्या, द्राक्षाच्या मद्याचे शिंतोडे द्यायचे, आणि थोडं मद्य जमिनीवर, पाचामामाला, म्हणजे धरणीला. तिचा वाटा आधी.

दुपारी जेवण झाल्यावर ताता सातुंनी गाडीच्या चाकांना दिलं. फावड्याला दिलं. तिवईला, बॅटरीच्या खोक्याला, अगदी दाराच्या कडीलाही दिलं. मग माझ्या पेटीसमोर येऊन थांबले. झाकण उघडलं.

"म्हाताऱ्या, तिला नको," असुन्ता दारातून म्हणाली. "हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय ना बाईंनी?"

"हात कुठे लावतोय? तिचा वाटा देतोय. फावड्याला दिलं, कडीला दिलं, आणि जिने मला उभं ठेवलं तिला तसंच बसवायचं? रुसेल ती."

"रुसली तर मी काढीन समजूत. तू झाकण लाव."

त्यांनी एक लाल फूल मद्यात बुडवलं आणि माझ्यावर झटकलं. थेंब पडले. वर कागदाच्या टिकल्या पडल्या, लाल, पिवळ्या, निळ्या. मी इतकी घाबरले की मला वाटलं, तडा जाणार मला. मग त्यांच्याच लक्षात आलं की टिकल्या चिकटतायत. त्यांनी घाईने धुतलेला रुमाल काढून मला पुसलं, आणि रुमालाने निघालं नाही तिथे तळव्याने.

हातमोज्याशिवाय माणसाचा हात मला पहिल्यांदा लागला. खरबरीत होता, मिठाने फाटलेला, आणि गरम. मी खोटं बोलणार नाही. मला ते आवडलं.

पाणी माझ्यावरून घरंगळून जातं, मद्य जात नाही. ते आत शिरलं आणि जाताना कागदाचा रंग सोबत घेऊन गेलं. फार नाही. डोळ्याला दिसणार नाही इतकंच. ताता सातुंनी मला उजेडात धरून पाहिलं, काही दिसलं नाही, तेव्हा निश्चिंत होऊन झाकण लावलं.

दर एप्रिलला मला ला पासला नेऊन बहिणीशेजारी ठेवतात आणि दोघींना ताडून पाहतात. तिथे लगेच कळलं असतं. पण त्या एप्रिलात रस्ते बंद होते. आंदोलन करणाऱ्या लोकांनी तीन आठवडे धोंडे टाकून वाट अडवली होती. विल्मा म्हणाली, चौदा वर्षांत कधी फरक निघाला नाही, एक वर्ष राहू दे. इतकी काळजी करणारी मुलगी, पण नेमकं तेव्हाच निश्चिंत झाली.

जुलैत मोजणी झाली. काळे कपडे, हातमोजे, रोखलेला श्वास, सगळं नेहमीसारखं. आधी प्रकाशमापक माझ्यावर, मग तीनशे पावलं मिठावर, मग पुन्हा माझ्यावर. मी उन्हात पडून होते आणि मला माहीत होतं. मी मळकी झाले होते, पण माझ्या दाखल्यावर नव्याण्णवच लिहिलेलं होतं. त्यामुळे माझ्याशी ताडल्यावर मीठच आधीपेक्षा पांढरं ठरलं. मीठ पांढरं ठरलं म्हणून उपग्रहाचा डोळा जास्त म्हातारा ठरला. त्याला जास्त नंबरचा चष्मा लागला, आणि त्या चष्म्यातून ढग जाड दिसायला लागले. चिलीच्या किनाऱ्यावरचे, ॲमेझॉनवरचे, समुद्रावरचे, सगळे. माझ्यावर शिंतोडे उडाले होते दहा-बारा.

ऑक्टोबरात समुद्रापारच्या कार्यालयाचं पत्र आलं. विल्माने ते कोठीत उभ्या उभ्या वाचलं आणि खुर्ची न बघताच खाली बसली. नशीब, खाली मिठाची गोणी होती. पत्रात लिहिलं होतं, की वाळवंटांत आणि इतर ठिकाणी जे मोजलं त्याच्याशी तुमचा आकडा जुळत नाही, शेकड्याला दोनाहून जास्त फरक आहे. नोव्हेंबर संपायच्या आत कारण कळवा. कारण मिळालं नाही तर मिठाची ओळ नोंदीतून काढावी लागेल, कारण मग मागच्या वर्षांवरही भरवसा ठेवता येणार नाही.

शेकड्याला दोन म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण तीस वर्षांत जगाचे ढग बदलले असतील तर तेही शेकड्याला दोन-तीनच. माझ्यावरचा डाग आणि साऱ्या जगाचं आभाळ, दोन्ही एकाच मापात येत होते.

पुढचे पंधरा दिवस विल्मा नीट जेवली नाही. प्रकाशमापकाची काच तपासली, घड्याळ तपासलं, सूर्य किती वर होता ते पुन्हा काढलं, प्रत्येक बेरीज पुन्हा केली. सगळं बरोबर. शेवटी माझी पेटी मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. रात्रभर खड्डा आला की दोन्ही हातांनी मला उचलून धरायची.

ला पासला मला बहिणीशेजारी ठेवलं. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. ती जन्मली तशी होती. दोघींवर दिवा पडला आणि आकडा आला. मी शेकड्याला दोन पूर्णांक तीन भागांनी मळले होते.

विल्माला रडू आलं, म्हणजे सुटल्यासारखं. पण तिथले साहेब म्हणाले, मळलीय हे दिसतंच आहे, पण कधी मळली? जुलैच्या आधी की नंतर? परवा बसमध्ये मळली असेल तर? तारीख नसेल तर या आकड्याचा काही उपयोग नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मग त्यांनी तोडगा सांगितला. बारीक पॉलिश कागदाने पाण्याखाली घासलं की पाटी पुन्हा पांढरी होते. घासून टाक, नवा दाखला काढू, हे वर्ष सोडून देऊ.

विल्मा म्हणाली, "हे वर्ष सोडलं तर ते मागचीही सोडतील. आणि घासली तर डागच जाईल, सर. मग दाखवायला काय उरेल?"

परत आल्यावर तिने ताता सातुंना विचारलं, पाटीला काही लागलं होतं का, कुणी उघडली होती का. ताता सातु फावड्याकडे बघत म्हणाले, गाडीत हादरे बसतात, धूळ जाते. तिने पुढे विचारलं नाही. फक्त सगळं सांगितलं. पत्र, ओळ, तारीख, आणि साहेबांचा तोडगाही.

नेमकं ते शेवटचंच त्यांनी मनात धरलं.

दोन दिवसांनी सकाळी विल्मा गावात फोन करायला गेली होती. ताता सातुंनी घमेल्यात पाणी आणलं. खिशातून पॉलिश कागद काढला. पेटी उघडली आणि मला, या खेपेला धुतलेले हातमोजे घालून, बाहेर घेतलं. त्यांचा चेहरा माझ्या अगदी वर होता. काहीतरी पुटपुटत होते. क्षमा मागत होते बहुतेक, माझी की पाचामामाची, कळलं नाही. मी पाण्याकडे बघत होते. मला वाटलं, घासा, म्हणजे मी स्वच्छ होईन आणि कुणाला काही कळणार नाही. पुढच्या क्षणी वाटलं, नको. आणि मला दोन्ही सांगता येत नव्हतं.

असुन्ता आत आली. तिने घमेलं पाहिलं, कागद पाहिला.

"सांगायचं सोडून धुवायला बसलास?"

"पांढरी होते म्हणाल्या बाई. होऊ दे पांढरी."

"आणि बाई नोव्हेंबर संपेपर्यंत काय दाखवतील तिकडे? तुझं घमेलं?"

तेवढ्यात विल्मा दारात उभी राहिली. तिची नजर घमेल्यावर गेली. ताता सातुंनी मला खाली ठेवलं, हळू, आणि टोपी काढली.

"मी केलं, इंजिनियरबाई. चाल्या केली तिची. सगळ्यांची केली, हिला वगळवेना. पुसलं होतं मी लगेच. दिसत नव्हतं काही."

विल्माने पॉलिश कागद उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मंगळवारी?"

"मग काय गुरुवारी?" ताता सातु चकितच झाले. "चाल्या दुसऱ्या कुठल्या दिवशी करतात का? मंगळवारी. जेवण झाल्यावर."

ती एकदम हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हसत होती. मनाला येईल तेव्हा करायची गोष्टच नव्हती ती. वर्षात एकच मंगळवार, आणि तो जुलैच्या कितीतरी आधी. तारीख मिळाली होती. कॅलेंडरात छापलेलीच होती.

ताता सातुंना काही समजलं नाही. त्यांनी कोठीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, दुसरा माणूस बघा, मी गाडी गावात आणून ठेवतो. विल्माने किल्ली उचलून त्यांच्या टोपीत टाकली.

"दुसऱ्याला मीठ कुठे पातळ आहे ते कळतं का, ताता? आणि पाण्यात उभं कोण राहणार?"

नुसता शब्द मात्र पुरत नसतो. विल्माने माझ्या पाठीमागच्या कडेची बोटभर पट्टी कापून घेतली. दुखलं, पण चालायचंच. ताता सातुंकडून तेच मद्य मागवलं, त्याच टिकल्या, तसंच फूल. त्यांनी तिच्यासमोर पट्टीवर शिंतोडे दिले, रुमालाने पुसलं, तळव्याने पुसलं. असुन्ता शेजारी उभी राहून सांगत होती, जास्त झटक, त्या दिवशी जास्त झटकलं होतंस. पट्टी ला पासला गेली. दोन पूर्णांक दोन आलं.

मग विल्माने पत्र लिहिलं. साहेबांनी वाचून विचारलं, असं लिहितात का कुठे, की आमच्या चालकाने कृतज्ञतेपोटी पाटीला मद्य पाजलं? विल्मा म्हणाली, झालं तसंच लिहितात. आणि तिने त्यात आणखी एक वाक्य घातलं होतं, की एप्रिलची पडताळणी मी टाळली, ती चूक माझी.

डिसेंबरात उत्तर आलं. त्या जुलैचा आकडा दुरुस्त करून घेतला आहे, मिठाची ओळ कायम आहे, मागची वर्षंही. खाली एक तळटीप छापली जाईल. शेवटी त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं, की तुमच्याकडे असे आणखी काही सण आहेत का. विल्माने कळवलं, ऑगस्टमध्ये एक आहे, पण तोवर मोजणी आटोपते.

मी आता मोजणीला जात नाही. मला कुणी घासलं नाही; पुरावा म्हणून पट्टी ला पासला ठेवलीय, आणि डाग माझ्याकडे राहिलाय. मिठावर नवी पाटी जाते. ती तरुण आहे, तिचा दाखला कोरा करकरीत आहे, आणि कुणी खोकलं की ती दचकते. मला तिची दया येते. कधीतरी वाटतं, सांगावं तिला, की तू पांढरी आहेस असं सगळे धरून चालतात ना, तर त्यांना म्हणावं, एप्रिल चुकवू नका. तुम्हालाही तेवढंच सांगायचंय. ज्याच्यावरून बाकी सगळं मोजता, त्याला वर्षातून एकदा उजेडात धरून बघत जा. रागाने नाही, सहज.

मी कोठीच्या भिंतीवर टांगलेली असते, दाराशेजारी. असुन्ता तिचा जांभळा घागरा घेऊन अगदी माझ्याखाली बसते आणि बटाटे सोलते. तिचा रंग माझ्यावर पडतो. पडू दे.

आणि कार्निवालच्या मंगळवारी ताता सातु मला खाली उतरवतात. गळ्यात फिती, वर टिकल्या, मद्याचे शिंतोडे, आणि शेवटी उघडा हात. विल्मा आता ओरुरोला जात नाही, ती दारात उभी राहून बघते. सगळं झालं की ताता सातु नव्या पाटीच्या बंद पेटीकडे वळतात. झाकण उघडत नाहीत. नुसतं बोटाने दोनदा वाजवतात आणि म्हणतात,

"तुझा वाटा हिला दिलाय, नवरी. रुसू नकोस."